पॉलिमर क्लेच्या रोपपाट्या: तारेवरून का निसटतात आणि टिकवायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवरच्या कुंड्यांसाठी गेल्या वर्षी पॉलिमर क्लेच्या नावाच्या पाट्या केल्या आणि २० गेजच्या तारेवर बसवून कुंड्यांत खोचल्या. गणपतीपर्यंत निम्म्या पाट्या तारेवरून निसटल्या. काही हातात घेताच तुटल्या, गुलाबी-जांभळ्या पाट्यांचा रंग उडाला आणि स्प्रे व्हार्निश मारलेल्या पाट्या अजून बोटाला चिकटतात. यंदा पावसाआधी पुन्हा करायच्या आहेत, नावं मराठीतच हवीत, घरी साधा ओटीजी (सळ्यांचा छोटा ओव्हन) आहे. काय बदलावं?

या चारही तक्रारींत पावसाचा दोष जवळजवळ नाही. नीट भाजलेल्या पॉलिमर क्लेला पाणी काही करत नाही. नावात क्ले असली तरी तिच्यात माती नसते. पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, एवढाच मामला. उष्णतेने ते कण एकजीव होतात आणि सलग प्लास्टिक तयार होतं. जर्मनीत केटे क्रूझ या बाहुल्यांच्या प्रसिद्ध निर्मात्या होत्या. त्यांच्या मुलीने हे मिश्रण हाताळायला घेतलं, १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने कृती विकत घेतली आणि ते फिमो या नावाने बाजारात आलं. बाहुल्या, दागिने, शोभेच्या वस्तू अशा घरात बसणाऱ्या गोष्टींसाठीच हा माल निघाला. बाहेर उन्हात तारेवर उभं राहायचं काम आपण त्याला नव्याने लावतोय, तर तेवढ्यापुरती तयारीही आपणच करायला हवी.

आधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे दुकानात ‘क्ले’ म्हणून तीन-चार वेगळ्या वस्तू मिळतात. पाकिटावर भाजण्याचं तापमान छापलेलं असेल तरच ती पॉलिमर क्ले. हवेत वाळणारी क्ले, कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकॉलची घरगुती कोल्ड पोर्सिलेन, मुलांची हलकी फुगणारी क्ले, यांतलं काहीही कितीही व्हार्निश फासलं तरी आषाढात टिकणार नाही. ओव्हन नसलेल्यांसाठी दोन भाग मळून घट्ट होणारी इपॉक्सी माती चांगली. ती तारेला स्वतःहून चिकटते आणि पाण्याला दाद देत नाही. मात्र उन्हात पिवळी पडते, म्हणून वरून रंगवावी लागते, आणि मळताना हातमोजे घालायचे.

आता मुख्य मुद्दा, तारेचा. पॉलिमर क्ले धातूला चिकटत नाही. ओव्हनमधून काढल्यावर घट्ट बसल्यासारखी वाटते, पण ती फक्त तारेला वेढून असते. सरळ तार खालून दोन सेंटिमीटर खुपसून भाजली, की आत एक गुळगुळीत नळी तयार होते, बाकी काही नाही. मग वारा पाटीला फिरवतो, पाणी घालताना पाइपचा धक्का लागतो, ऊन-सावलीत धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि एक दिवस पाटी कुंडीत उताणी पडलेली दिसते. तुमच्या निसटलेल्या पाट्यांची भोकं बघा, सगळी सरळ असतील.

उपाय गोंदाचा नाही, आकाराचा आहे. तारेचं जे टोक पाटीत जाणार त्याला जिलेबीसारखं सपाट वेटोळं द्या, दोन वेढे पुरतात. तीन मिलिमीटर जाडीच्या दोन लाट्या घ्या. खालच्या लाटीवर वेटोळं हलकेच दाबून बसवा, वरची लाटी ठेवा आणि मधून कडेकडे बोटाने दाबत हवा काढा. वेढ्यांच्या मधल्या जागेत वरची आणि खालची क्ले एकमेकींना भेटली पाहिजे. तीच खरी पकड. म्हणून वेढे एकमेकांना चिकटवू नका, मधे चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवा. मग कडा एकत्र कापा म्हणजे सांध्याची रेघ दिसत नाही. तार जिथे पाटीतून बाहेर पडते तिथे क्ले थोडी जाड राहू द्या, कारण पहिली चीर तिथूनच जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे एका पायाची तार वापरू नका. कुंडीतलं मिश्रण हल्ली कोकोपीटमुळे भुसभुशीत असतं, त्यात एकटी तार गरगर फिरते आणि तुमची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पन्नास-साठ सेंटिमीटर तार मधोमध वाकवा, वाकलेल्या भागाचं वेटोळं करा, त्याखाली दोन-तीन पीळ द्या आणि मग दोन्ही पाय अडीच-तीन सेंटिमीटर अंतरावर सरळ खाली सोडा. दोन पायांची पाटी फिरत नाही. निदान एक तृतीयांश लांबी मातीत जायला हवी.

आणि ज्यांना पाटीच्या वर तारेचीच वेलबुट्टी काढायची हौस आहे त्यांना एक सांगणं: तारेचं कुठलंही टोक वर उघडं सोडू नका. आपण कुंडीवर ओणवे होऊन तण काढतो, तेव्हा ते टोक नेमकं डोळ्याच्या उंचीला येतं. टोक गोल वळवून आत दाबायचं.

तार कोणती? हार्डवेअरच्या दुकानात बांधकामाची काळी बाइंडिंग वायर स्वस्त मिळते. ती लगेच गंजते आणि गंजाचे ओघळ पाटीवर येतात, म्हणून ती नको. जस्ताचा थर असलेली जीआय तार चालते. १४ गेज म्हणजे साधारण दोन मिलिमीटर. तिची कापलेली टोकं गंजतात, पण ती मातीत असल्याने दिसत नाहीत. हाताला मात्र ती कडक लागते, पक्कड चांगली हवी. अॅल्युमिनियमची तार, बोन्सायवाले वापरतात ती, हातानेच वळते. ती अडीच-तीन मिलिमीटरची घ्या, कमी जाडीची वाकून पडते. तांब्याची सगळ्यात देखणी, काळपट-हिरवी होत जाते, पण हल्लीचे भाव बघता नाजूक कामापुरतीच. हिरवं प्लास्टिक चढवलेली बागेची तार ओव्हनमध्ये घालू नका. तुमची गेल्या वर्षीची २० गेजची तार जेमतेम एक मिलिमीटरची असते, ती दागिन्यांसाठी ठीक.

लाटण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी प्रत्येक तुकडा घडी घालून फाटत नाही इतका मऊ मळून घ्या. मे महिन्यात क्ले हातात विरघळायला लागते. मग कोऱ्या कागदाच्या दोन तावांत तासभर दाबून ठेवा, जादा प्लास्टिसायझर कागद शोषून घेतो. सारखी जाडी हवी असेल तर दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या ठेवून त्यांवरून लाटा. लाटणं, सुरी, ताटली जे वापराल ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. कच्ची क्ले पातळ कडक प्लास्टिकच्या डब्यांत ठेवू नका, प्लास्टिसायझरने काही डबे चक्क विरघळतात. दुधाच्या पिशवीसारखी साधी पॉलिथिनची पिशवी बरी.

आता अक्षरं. या कामातला माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात वेळखाऊ भाग हाच. बाजारात मिळणारे ठसे रोमन लिपीचे. नमुन्यांच्या पाट्याही बहुतेक उभ्या आणि अरुंद, कारण त्या लिपीची अक्षरं एकाखाली एक रचली तरी वाचता येतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, ती आडवीच हवी. शिवाय वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. ‘जुई’ एवढा छोटा शब्द, पण त्याला वरही जागा लागते आणि खालीही. म्हणून पाटी आडवी घ्या, उंची निदान तीन सेंटिमीटर आणि त्यातली मधली एक सेंटिमीटर अक्षरांसाठी. ‘गवती चहा’ किंवा ‘कढीपत्ता’ला सात-आठ सेंटिमीटर रुंदी लागते. नाव आधी कागदावर त्याच मापात लिहून बघा.

कोरायची रीत अशी. लाटलेली पाटी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे कड स्वच्छ उमटते. बोथट दाभण किंवा शाई संपलेलं बॉलपेन घ्या. क्लेवर पातळ प्लास्टिकचा कागद, म्हणजे बिस्किटांच्या पुड्याचं आतलं वेष्टन असतं तसा, ताणून पसरा आणि त्यावरून लिहा. असं केल्याने रेघेच्या दोन्ही कडांना कचरा उठत नाही, त्या गोलसर दबतात. टोक ओढू नका, थोडं थोडं दाबत पुढे न्या. ओढलंत की ‘व’, ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातला क्लेचा तुकडा उचकटून येतो.

शिरोरेषा सगळ्यात शेवटी, आणि ती लिहायची नाही, ठोकायची. जुन्या एटीएम कार्डाचा लांब कडेचा तुकडा कापून घ्या, शब्दाच्या डोक्यावर ठेवा आणि एकदाच सरळ खाली दाबा. रेघ एकसारखी येते आणि अक्षरं ओढली जात नाहीत. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ असतील तिथे कार्डाचे दोन छोटे तुकडे वापरून रेघ तोडावी लागते. अनुस्वारासाठी टाचणीचं गोल डोकं. खोली एक ते दीड मिलिमीटर ठेवा. यामागे हिशेब आहे: रंग आज ना उद्या उडेल, पण कोरलेलं नाव तिरप्या उन्हात सावलीनेच वाचता येतं.

ज्यांचं अक्षर हातावर बसलेलं नाही त्यांनी लेझर प्रिंटची युक्ती करावी. नाव ठळक अक्षरांत टाइप करून आरशातल्यासारखं उलटं छापून घ्या. छपाई लेझर प्रिंटरचीच हवी, इंकजेटची शाई चालत नाही. कागद कच्च्या क्लेवर पालथा ठेवून चमच्याच्या पाठीने घासा, अर्धा तास तसाच राहू द्या. मग पाठ ओली करून कागद बोटाने वळवत काढा. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची भुकटी, क्लेवर राहतो. काळा टोनर म्हणजे मुख्यत्वे काजळी आणि प्लास्टिक, त्यामुळे तो उन्हात सहसा फिका पडत नाही; पण पृष्ठभागावरच असल्याने घासला जातो. त्यावर द्रवरूप क्लेचा (पॉलिमर क्लेचाच पातळ, ओतता येणारा प्रकार) पातळ हात देऊन भाजा. जोडाक्षरांचा प्रश्नच मिटतो. मला स्वतःला हे जरा छापील वाटतं, पण पन्नास कुंड्या असतील तर हाच मार्ग शहाणपणाचा.

सजावटीसाठी साचे विकत आणण्याआधी त्याच झाडाचं पान वापरून बघा. पानाची खालची बाजू क्लेवर ठेवायची, शिरा तिथे उठावदार असतात. आधी क्लेवर टाल्कम पावडरचा हलका हात मारा, पान ठेवून त्यावरून एकदाच लाटणं फिरवा आणि देठाला धरून उचला. पानओव्याच्या जाड पानाच्या शिरा सुरेख उमटतात. कढीपत्त्याचं अख्खं पान न घेता टोकाच्या तीन पर्णिका पुरतात. तुळशीचं पान फार मऊ, त्यापेक्षा मंजिरी दाबून बघा.

आणि पाटी कुठे लावायची याचाही विचार करा. तुळशीला नावाची गरज नसते. खरी गरज असते ती जाई, जुई, सायली, कुंद अशा फुलं नसताना एकसारख्या दिसणाऱ्या वेलींना. जाईचं पान संयुक्त, एका देठावर पाच-सात किंवा जास्त पर्णिका. जुईचं बहुधा एकेरी आणि तळाशी दोन चिमुकल्या पर्णिका. पण छाटणीनंतर हे कोण बघत बसतो? टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपं एकाच कुळातली, चार पानांवर असताना चांगल्या चांगल्यांना फसवतात. आणि सगळ्यात जास्त गरज असते झोपी गेलेल्या कंदांना. हळद, भुईचाफा, फुटबॉल लिली वर्षातले काही महिने जमिनीवर दिसतच नाहीत. कुंडी रिकामी समजून कोणीतरी खुरपं घालतं आणि कंदाचे दोन तुकडे होतात. अशा कुंड्यांतल्या पाट्या आधी करा, बाकीच्या नंतर.

भाजण्याकडे वळू. तुमच्या हातात तुटलेल्या पाट्या कच्च्या राहिलेल्या होत्या. पूर्ण भाजलेली तीन मिलिमीटरची पट्टी वाकवली तर थोडी वाकते आणि परत सरळ होते. कच्ची राहिलेली बिस्किटासारखी तुटते. पाकिटावर तापमान लिहिलेलं असतं: फिमोला ११० अंश सेल्सिअस, अर्धा तास, स्कल्पी या दुसऱ्या ब्रँडच्या प्रकारांना साधारण १३० ते १३५ अंश. वेळ जाडीवर अवलंबून असतो, आणि आपली पाटी सहा मिलिमीटरची आहे. मी पाऊण तास ते तासभर ठेवते. योग्य तापमानावर वेळ वाढली तर काही बिघडत नाही, उलट मजबुती येते. बिघडतं ते तापमान वाढल्याने.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा म्हणजे अंदाज समजा. बटण १३० वर असताना आत मधूनच दीडशेच्या वर जातं, सळ्यांजवळ त्याहून जास्त. तीन-चारशे रुपयांत मिळणारं ओव्हनचं थर्मामीटर आत ठेवा आणि त्याचंच ऐका. ओव्हन पंधरा-वीस मिनिटं आधी तापवा. जाड लादीच्या तुकड्यावर साधा कागद, त्यावर पाटी, लादी मधल्या जाळीवर आणि वरून अॅल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू, म्हणजे वरच्या सळीची झळ थेट लागत नाही. मायक्रोवेव्हच्या लहरींवर हे काम कधीही करायचं नाही, आणि आपल्या पाटीत तर तारही आहे. त्यात कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेची सोय, असेल तर चालेल, पण मायक्रोवेव्ह पूर्ण बंद हवा. खिडक्या उघड्या ठेवा. क्ले करपायला लागली, धूर दिसला, तर ओव्हन बंद करून खोलीबाहेर जा. जास्त तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळे आणि घसा जाळतो. त्याच ओटीजीत केक करत असाल तर पाट्या फॉइलने झाकलेल्या ट्रेमध्ये भाजा आणि नंतर ओव्हन आतून पुसून घ्या. वारंवार करणार असाल तर जुना छोटा ओव्हन वेगळा ठेवलेला बरा.

एक अडचण तुम्हाला येणारच: दोन लांब पायांची पाटी लहान ओटीजीत मावत नाही. अॅल्युमिनियमची तार असेल तर पाय तात्पुरते दुमडून ठेवा, भाजून गार झाल्यावर सरळ करा. जीआय तार परत परत वाकवली तर जस्त तडकतं. तिथे पाटीत फक्त छोटं कडं बसवून भाजायचं आणि पाय नंतर त्यात अडकवून पिळायचे. दोन्ही बाबतींत तारेची टोकं सळ्यांना लागत नाहीत ना, हे दार लावण्याआधी बघा.

रंगाचं सरळ आहे. गुलाबी, जांभळा, निऑन हे उन्हात आधी जातात. पांढरा, काळा, गेरू, पिवळी माती, तपकिरी हे खनिज रंगद्रव्यांचे रंग टिकतात. मी पाटी पांढरट किंवा विटकरी करते आणि अक्षरांत गडद तपकिरी अॅक्रिलिक भरते. भाजून गार झालेल्या पाटीवर रंग फासायचा, खाचांत जिरवायचा आणि वरचा ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. मग दहा मिनिटं पुन्हा कमी आचेवर ओव्हनमध्ये. अक्षरं उठून दिसतात आणि पानाच्या शिराही.

व्हार्निश मुळात लागतच नाही. क्लेला पाण्यापासून वाचवायचं नसतं, फक्त टोनर किंवा वरून दिलेला रंग जपायचा असेल तर ते हवं. तेव्हाही पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन व्हार्निश घ्या. स्प्रेच्या डब्यांतली बरीच व्हार्निशं आणि नेलपॉलिश क्लेमधल्या प्लास्टिसायझरशी जमवून घेत नाहीत. ती महिनोन्महिने वाळत नाहीत, मग धूळ धरतात. पावसाळ्यात खाचांत हिरवं शेवाळ धरेल, त्याला जुना टूथब्रश आणि भांड्याचा साबण पुरतो. भाजीच्या कुंड्यांत पाटी मातीच्या वर राहील आणि मातीत फक्त तार जाईल असं बघा. तुटकी पाटी शेकोटीत किंवा कंपोस्टमध्ये टाकायची नाही.

गेल्या वर्षीच्या पाट्या फेकू नका, त्या सगळ्या सुधारतात. भाजलेली क्ले पुन्हा कितीही वेळा भाजता येते, आणि कच्ची क्ले भाजलेल्यावर बसते. चिकट व्हार्निश कापसावर थोडं अॅसिटोन घेऊन हलक्या हाताने पुसून काढा. घासू नका, अॅसिटोन क्लेचा वरचा थरही विरघळवतं. पाटीची पाठ वॉटर पेपरने खरखरीत करा, धुऊन वाळवा आणि तिच्यावर द्रवरूप क्लेचा पातळ थर द्या. त्यावर नव्या दोन पायांच्या तारेचं वेटोळं, वेटोळ्यावर तीन मिलिमीटरची नवी लाटी, कडा दाबून एकसारख्या करा आणि पाकिटावरच्या तापमानाला पाऊण तास भाजा. जुनी पाटी दुसऱ्या कंपनीच्या क्लेची असेल तर दोघींतलं कमी तापमान धरा आणि वेळ वाढवा. आतली अर्धवट राहिलेली क्लेही यातच भाजली जाते. ज्यांचे दोन तुकडे झालेत त्यांचे तुकडे आधी द्रवरूप क्लेने जुळवा, मग हाच नवा पाठीचा थर त्यांना धरून ठेवतो.